पाटीवरचा संदेश

“तुझ्या बाबांना नको घालूस तो चष्मा,” आई म्हणाली.

मी बाबांच्या पांढऱ्या शर्टाच्या कॉलरवर इस्त्री फिरवत होते. डिसेंबरचा पहिला रविवार, सकाळचे साडेसात. साडेनऊला उपासना. त्याआधी मला चर्चमध्ये जाऊन माइक जोडायचा होता, टॅब तपासायचा होता, पुण्याहून येणाऱ्या पाटणकर सरांना चहा पाजायचा होता. आणि आईला आत्ता हे सुचलं होतं.

“का नको?”

“असंच.”

“असंच म्हणजे? बाबांच्या नावाने सगळं ठरलंय. तोरणेसाहेब मुद्दाम नगरहून येतायत.”

“दुसऱ्या कुणाला घाल की. त्या खरातांच्या म्हातारीला घाल.”

“तिला वाचता येत नाही, आई. चष्म्यात अक्षरं दिसतात, चित्रं नाही.”

आई परातीतलं पीठ उगाच पुन्हा मळायला लागली. मी चिडले होते. माझा स्वभावच तसा, चटकन चिडायचं आणि मग दिवसभर हळहळत बसायचं. मकरंद, माझा नवरा, म्हणतो, तुझ्या नाकावर राग भाड्याने राहत नाही, मालक आहे.

चष्मा दिसायला साधा होता. व्यासपीठावरच्या माइकमधून आवाज यायचा आणि बोलणाऱ्याचा शब्दन् शब्द मराठी अक्षरांत काचेच्या खालच्या कडेला उमटायचा, हिरवट रंगात. तेच शब्द माझ्या हातातल्या टॅबवरही दिसायचे. आमच्या कंपनीने तोवर ते चष्मे दोन कॉलेजांना आणि एका सभागृहाला विकले होते आणि हात टेकले होते. मग पाटणकर सरांच्या डोक्यात आलं. ते म्हणाले, “देवळात माणूस दर्शनाला जातो, चर्चमध्ये ऐकायला जातो. दर रविवारी तासभर एक माणूस बोलतो, आणि समोर निम्मे साठीच्या पुढचे. हन्ना, मार्केट तिथे आहे.” ऑफिसात ख्रिस्ती मी एकटी, त्यामुळे मार्केटही माझ्याच गळ्यात पडलं. तोरणेसाहेबांच्या हाताखाली साठ चर्चेस होती. त्यांना पटलं तर साठ ठिकाणी चष्मे जाणार होते. नाही पटलं तर चर्चचं खातं बंद, आणि खात्याबरोबर मीही घरी.

आणि बाबांपेक्षा चांगला माणूस मला मिळणार कुठे? शांतवन बोर्डे, मिशनच्या छापखान्यात तीस वर्षं शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवलेला माणूस. उलटी अक्षरं सुलटी असल्यासारखी वाचायचे. चौदा वर्षांपूर्वी तापात कान गेले ते गेलेच. कानात घालायच्या यंत्राने त्यांना नुसता गोंगाट ऐकू यायचा. तेव्हापासून आई चर्चमध्ये त्यांच्या शेजारी बसायची. आमच्याकडे पुरुष उजवीकडे आणि बायका डावीकडे बसतात. पुरुषांच्या बाजूला बसणारी बाई एकच, माझी आई. मांडीवर लाकडी चौकटीची शाळेतली पाटी. गीत चालू झालं की ती पुस्तकातल्या ओळीखालून बोट फिरवायची, म्हणजे बाबांनी ओठ कधी हलवायचे ते त्यांना कळे. पाळकसाहेबांचा संदेश सुरू झाला की पाटीवर लिहायची, बाबांनी वाचलं की फडक्याने पुसायची, पुन्हा लिहायची. त्या पेन्सिलीच्या कुरकुरीची सगळ्या मंडळीला सवय झाली होती.

त्या पाटीचे माझ्यावर उपकार होते. मी मकरंदशी लग्न केलं तेव्हा बाबांनी मला घर बंद केलं. मुलगा आपल्यातला नाही, लग्न चर्चमध्ये नाही. दीड वर्ष एक शब्द नाही. मग एका सोमवारी सकाळी ते पुण्यात माझ्या दारात उभे. हातात पिशवी, पिशवीत आईने दिलेला चिवडा. घरात यायच्या आधी म्हणाले, “मी तुला माफ केलेलं नाही. काल पाळकसाहेबांच्या संदेशात आलं म्हणून आलो. मीठ परक्या दुकानातून येतं, म्हणून कुणी अळणी भाकर खात नाही. लेकीला घरी आणा. देवाचा माणूस व्यासपीठावरून बोलला. मी नाही म्हणणारा कोण?”

बाबा असेच होते. व्यासपीठावरून आलं म्हणजे संपलं. त्यानंतर दर नाताळला त्यांनी पाळक गोर्डेसाहेबांना शर्टाचं कापड दिलं, आपण जुना सदरा घालून. त्या वर्षीचं पुडकंही फडताळात येऊन पडलं होतं. मकरंदला मात्र त्यांनी कधी जावई म्हटलं नाही. “ते पुण्याचे” म्हणायचे. चालायचं. माझी दोन वर्षांची इरा त्यांच्या खांद्यावर बसून मिशनचं कंपाउंड फिरायची, मला तेवढं पुष्कळ होतं. रविवारी चर्चला मात्र लग्नानंतर मी कधी गेले नव्हते.

*

पहिली घंटा झाली तेव्हा बाबा चष्मा लावून पहिल्या बाकावर बसले होते. मी माइकवर बोलून पाहिलं, “बाबा, दिसतंय का?” चौदा वर्षांत त्यांनी माझा प्रश्न पाटीशिवाय घेतला नव्हता. त्यांनी हवेत बोट धरलं, काचेवरच्या अक्षरांखाली धरावं तसं. मग त्यांच्या त्या नेहमीच्या मोठ्या आवाजात म्हणाले, “दिसतंय. टाइप जरा बारीक आहे.”

पाटणकर सर खूष. तोरणेसाहेब हसले. मला वाटलं, झालं, जिंकलं.

तेवढ्यात आईने माझं मनगट धरलं आणि मला ओढत चर्चच्या मागे नळापाशी नेलं.

“हन्ना, ते यंत्र बंद पाड.”

“वेड लागलंय का तुला?”

“ऐक. मी पाळकसाहेबांचा संदेश लिहीत नाही.”

मला काही कळेना. “मग काय लिहितेस?”

“माझा.”

नळ ठिबकत होता. आत पेटीवाल्याने सूर धरला होता. आई घाईघाईने बोलत होती. “पहिली दोन वर्षं खरं लिहिलं. मग हे गोर्डेसाहेब आले. त्यांचं सगळं नरक आणि न्याय. ह्यांचा तर जीव आधीच खचलेला. मी थोडं मऊ करून लिहायला लागले. मग आणखी थोडं. मग माझंच. पीठ, मीठ, चूल, मला जे सुचेल ते. ह्यांना आवडायचं. म्हणायचे, मोठा माणूस पण किती घरचं बोलतो.”

“मग तो परक्या दुकानातल्या मिठाचा संदेश?”

आईने मान खाली घातली. “त्या रविवारी पाळकसाहेब विजोड जुवावर बोलले. बैलाबरोबर गाढव जुंपू नये, परजातीत लेक देणाऱ्याने तिचं नाव टाकावं. तू दीड वर्ष नव्हतीस, हन्ना. मी काय करणार होते? मी पाटीवर उलटं लिहिलं.”

म्हणजे बाबा माझ्या दारात आले ते देवाच्या माणसाच्या शब्दावर नव्हे, माझ्या आईच्या. आणि ते आज त्यांना कळणार होतं. मीच कळवणार होते, हिरव्या अक्षरांत.

“आज ते दुसरंच काही बोलतील,” मी म्हणाले.

“नाही गं. कुठूनही निघाले तरी विजोड जुवावरच येऊन थांबतात. आणि तेवढंच नाही.” तिने चर्चच्या दाराकडे पाहिलं. “ते ह्यांनाच बोलतात. नाव घेत नाहीत, पण ह्यांच्याकडे बघून बोलतात. वचनाला बहिरा झालेला बाप, असं म्हणतात. साडेतीन वर्षं. ह्यांना ऐकू येत नाही म्हणून.”

“आणि मंडळीतल्या कुणी बाबांना सांगितलं नाही?”

“सांगायला पाटी लागते. आणि पाटी माझ्याकडे.”

दुसरी घंटा झाली. आईने पदराने तोंड पुसलं आणि आत गेली. मी नळाखाली हात धरून उभी राहिले. काय करावं? यंत्र बिघडलं म्हणावं तर साठ चर्चेस गेली, नोकरी गेली. ते परवडलं असतं. पण बाबांचा हवेत बोट धरतानाचा तो आनंद? आणि तो टिकवावा, तर ज्याच्या आधारावर ते माझ्याशी बोलत होते तो आधारच आज जाणार होता.

*

मी बाजूच्या भिंतीला टेकून उभी राहिले, टॅब हातात. कोपऱ्यात लाल रंगाचं “थांबवा” बटण. गीतं झाली, प्रार्थना झाली. बाबा सगळं वाचत होते. प्रार्थनेत सगळ्यांनी डोळे मिटले, बाबांचे एकट्याचे उघडे. आईची पाटी तिच्या मांडीवर, कोरी.

गोर्डेसाहेब व्यासपीठावर चढले. उंच माणूस, आवाज भरदार. मला सकाळीच म्हणाले होते, “वरून आदेश आहे म्हणून हे खेळणं चालवून घेतो.” चष्म्यात खरंच काही दिसतं यावर त्यांचा काडीचा विश्वास नव्हता.

सुरुवात बरी झाली. आशा, प्रकाश, नाताळची तयारी. माझ्या टॅबवर ओळी सरकत होत्या. बाबा पुढे झुकले होते. मग त्यांच्या कपाळाला आठी पडली. त्यांनी आईकडे पाहिलं, पुन्हा व्यासपीठाकडे पाहिलं. हा माणूस घरचं बोलत नव्हता. याच्या बोलण्यात परात नव्हती, चूल नव्हती.

दहा मिनिटं झाली. गोर्डेसाहेबांनी खिशातून रुमाल काढला, ओठ पुसले आणि त्यांची नजर भिंतीकडे आली, माझ्यावर. “पण आपली घरं कशी आहेत?” ते म्हणाले. “आपल्या घरांत विजोड जू आलंय.”

मी बटण दाबलं.

बाबांची काच कोरी झाली. त्यांनी चष्म्याच्या काडीवर टकटक केलं. डोळे चोळले. मग सावकाश मान वळवून माझ्याकडे पाहिलं. माझा अंगठा अजून त्या लाल चौकोनावर होता. तीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका पकडलेला माणूस तो, त्याच्या नजरेतून अंगठा सुटणार होता का? त्यांनी हात उचलला आणि दोन बोटं आपल्याकडे ओढली. लहानपणी मी छापखान्यात जायची तेव्हा मुद्रितं लपवणाऱ्या पोराला ते अशीच खूण करायचे. आण इकडे.

मी मान हलवली. नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं.

त्यांनी पुन्हा तशीच खूण केली. रागाने नाही.

पाटणकर सर खुर्चीतून कुजबुजले, “हन्ना, काय झालं? चालू कर.” ते मला ऐकू आलं, पण मी त्यांच्यासाठी केलं नाही. हा माणूस वर्षानुवर्षं सगळ्यांनी ठरवलेलं ऐकत आला होता. आईने प्रेमाने ठरवलं, मंडळीने भीतीने, आता मीही ठरवत होते. मी बटण दाबलं. अक्षरं सुरू झाली.

“...लेक बाहेर पडते, दोष लेकीचा नाही,” गोर्डेसाहेब म्हणत होते. त्यांचा आवाज चढला होता, बोट नेहमीच्या सवयीने पहिल्या बाकाकडे गेलं होतं. “दोष बापाचा. कान गेले तर क्षमा आहे. पण वचनालाच बहिरा झालेला बाप, ज्याने असली लेक पुन्हा घरात घेतली, असा बाप या मंडळीच्या पहिल्या बाकावर बसतो...”

आणि त्यांचं बाबांकडे लक्ष गेलं.

बाबा सरळ बसले होते. चष्म्यातून थेट त्यांच्याकडे बघत होते. काचेच्या कडेला बारीक हिरवा उजेड होता, तो आता गोर्डेसाहेबांनाही दिसला असावा. वाक्य अर्ध्यावरच राहिलं. काचेवरही अर्धंच राहिलं.

तोरणेसाहेब मान खाली घालून आपल्या बुटांकडे बघत होते. डावीकडच्या बायका पदर चाचपत होत्या. साडेतीन वर्षं सगळ्यांनी ऐकलेलं वाक्य ज्याचं होतं त्याला पोचलं होतं, आणि प्रत्येकाला तोंड कुठे लपवावं असं झालं होतं. मला वाटलं, आता बाबा उठतील. उठून दाराबाहेर जातील आणि मी कायमची त्यांच्या घराबाहेर.

बाबा बसूनच बोलले. त्यांचा आवाज नेहमीसारखाच मोठा होता, आपण किती मोठ्याने बोलतो ते त्यांना कळायचं नाही.

“पुढं बोला, पाळकसाहेब. दिसतंय मला.”

गोर्डेसाहेबांनी तोंड उघडलं, मिटलं. व्यासपीठाची कड धरली. काचेवर काहीच आलं नाही, कारण बोललंच गेलं नाही काही.

बाबांनी थोडा वेळ वाट पाहिली. मग चष्मा काढला, घडी घातली, खिशात ठेवला. आईच्या मांडीवरची पाटी उचलून तिच्यासमोर धरली आणि म्हणाले, “तू लिही.”

आईने पाटी मांडीवर घेतली. पेन्सिल दोनदा खाली पडली. पण तिने लिहिलं. काय लिहिलं ते मला एवढ्या लांबून दिसलं नाही. त्या गप्प चर्चमध्ये पेन्सिलीची कुरकुर मात्र शेवटच्या बाकापर्यंत ऐकू गेली. गोर्डेसाहेबांनी कसंबसं एक गीत सांगितलं. पेटीवाला चुकीच्या सुरात सुरू झाला, मंडळी उभी राहिली, आणि आईचं बोट ओळीखालून फिरायला लागलं.

*

उपासनेनंतर पायऱ्यांवर नेहमीसारखे सलाम झाले, पण सगळे हळू आवाजात. गोर्डेसाहेब बाजूच्या दाराने गेले होते. तोरणेसाहेबांनी आईकडून पाटी मागून घेतली आणि स्वतः लिहिलं : चष्मा कसा वाटला?

“यंत्र प्रामाणिक आहे,” बाबा म्हणाले. “खिळान् खिळा बरोबर.”

तोरणेसाहेबांनी पुन्हा लिहिलं : घेणार ना मग?

“मला नको. ज्याच्या शेजारी पाटी घेऊन बसणारं कुणी नाही, त्याला द्या.”

पाटणकर सरांनी ते वाक्य तिथल्या तिथे मोबाइलमध्ये टिपून घेतलं. आठ महिन्यांनी तोरणेसाहेबांची ऑर्डर आली, साठ नाही, एकवीस चर्चेसची. तोरणेसाहेब म्हणाले, बाकीच्या ठिकाणी आधी पाळकांना सवय लागू दे. आज नऊ वर्षं झाली. तेच वाक्य आमच्या माहितीपत्रकावर पहिल्या पानावर आहे आणि मी नाशिकपासून मिरजेपर्यंत चर्चेसमध्ये चष्मे देत फिरते. कुठल्याही चर्चमध्ये गेले की पाळकांना भेटायच्या आधी एकच विचारते, ज्यांना ऐकू येत नाही त्यांच्या शेजारी कोण बसतं? आधी त्या माणसाबरोबर चहा पिते. पाटणकर सरांना अजून कळलेलं नाही की मी त्यात एवढा वेळ का घालवते.

त्या दिवशी आम्ही चर्चमधून घरी चालत आलो. अंगणात मकरंद इराला बोरं सोलून देत होता. बाबांना बघून नेहमीसारखा चटकन उभा राहिला. बाबा त्याच्याकडे न बघता आत गेले, आणि मी दारातच थांबले.

आत त्यांनी खुर्ची ओढली, आईला समोर बसवलं.

“तो मिठाचा संदेश,” ते म्हणाले. “कुणाचा?”

आईने पाटी घेतली. लिहिलं : माझा.

बाबांनी तो एकच शब्द पुन्हा पुन्हा वाचला. आई रडायला लागली होती. मीही दारात उभी राहून रडत होते. मी चौकट घट्ट धरली होती, कारण आता ते काय म्हणतील त्यावर माझं माहेर होतं.

“आणि मी तीन नाताळ त्या माणसाला शर्टाचं कापड दिलं,” बाबा म्हणाले.

ते उठले. फडताळ उघडलं, ते पुडकं काढलं, त्यावरची धूळ हाताने झटकली आणि माझ्यासमोर धरलं.

“जावयाला दे,” ते म्हणाले. “त्यांना बरोबर पुरेल. अडीच मीटर आहे.”

मला ते घेताच येईना. मग बाबांनीच पुडकं माझ्या हातात कोंबलं आणि उगाच खाकरत खिडकीकडे तोंड करून उभे राहिले.

मागून पेन्सिलीची कुरकुर आली. आईने डोळे पुसत पुसत काहीतरी लिहिलं होतं. ती उठली आणि पाटी बाबांच्या नाकासमोर धरली.

आणि मला?

बाबांनी वाचलं. मग ते हसले, त्यांच्या त्या मोठ्या, त्यांना स्वतःला न ऐकू येणाऱ्या आवाजात, इतक्या जोरात की अंगणातून इरा काय झालं ते बघायला धावत आली.